देवघरातला बादशहा

लक्ष्मीपूजनाला चौरंगावर बसणारं नाणं 'महाराजांच्या वेळचं' आहे, असं आमच्या घरात चार पिढ्या ठरलेलं होतं. मग एके दिवशी कुणीतरी ते वाचलं…

सगळं सुरू झालं वाळ्यांवरून. आत्याला नातू झाला, बारसं तीन आठवड्यांवर आलं, आणि तिच्या डोक्यात आलं की बाळाचे वाळे बाजारातून आणण्यापेक्षा घरातल्याच जुन्या चांदीचे करायचे. आयडिया तशी गोड होती. त्यामुळे एका रविवारी पुण्यात आजीच्या डायनिंग टेबलवर घरभरची मोड जमा झाली. अत्तरदाणीचं तुटलेलं झाकण, एक वाकडा चमचा, जोडी हरवलेलं पैंजण… आणि देवघरातला तो रुपया.

तो रुपया म्हणजे आमच्या घरातला व्हीआयपी. वर्षातून एकदा, लक्ष्मीपूजनाला, रांगोळीने घासूनपुसून चौरंगावर विराजमान व्हायचा. हळद-कुंकू, अक्षता, झेंडूचं फूल. बाकी वर्षभर देव्हाऱ्याच्या खणात मुक्काम. आम्हा भावंडांना लहानपणी दम भरलेला असायचा, "हात लावू नका, महाराजांच्या वेळचं आहे." कोणत्या महाराजांच्या, हे विचारायची गरज महाराष्ट्रात कुणाला पडते?

आत्या आदल्या दिवशीच सराफाकडे जाऊन आली होती. त्याने सगळं एकत्र काट्यावर टाकलं आणि चांदीच्या भावाने हिशेब सांगितला. रुपयासकट!

"अगं, पण ते महाराजांच्या वेळचं आहे ना?" मी म्हटलं.

"कोण सांगतंय? कुणी वाचलंय ते?" आत्याने सरळ विचारलं.

टेबलाभोवती एकदम शांतता. आजी, बाबा, काका, सगळे एकमेकांकडे बघायला लागले. बरोबरच होतं तिचं. इतक्या दिवाळ्या झाल्या, पण त्या नाण्यावर काय लिहिलंय हे आमच्यापैकी एकानेही वाचलेलं नव्हतं. मी मास कॉमची डिग्री घेतलेली, दुनियाभरच्या गोष्टींवर आर्टिकल्स लिहिणारी बाई, आणि घरातल्या एका नाण्यापुढे ठार अंगठाछाप! मला एक आठवड्याची मुदत मिळाली. पुढच्या रविवारपर्यंत वाचून आणायचं, नाहीतर वाळे.

पहिला धक्का पाच मिनिटांतच बसला. शिवाजी महाराजांच्या नाण्यांवर एका बाजूला 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूला 'छत्रपती' असं स्वच्छ देवनागरीत असतं, हे नेटवर लगेच सापडलं. आमच्या नाण्यावर देवनागरीचं एक अक्षर नव्हतं. होत्या त्या नुसत्या वळणावळणाच्या रेघा, मध्ये ठिपके आणि कडेला जाऊन अर्ध्यात तुटलेली अक्षरं. फारसी. म्हणजे हे नक्की कुणाचं होतं?

खालून वर वाचा

मित्राच्या ओळखीने नारायण पेठेतल्या एका नाणेसंग्राहक काकांचा पत्ता लागला. बँकेतून रिटायर झालेले, चष्म्यावर आणखी एक भिंग लावणारे, चहा होईपर्यंत नाण्याला हात न लावणारे. मी 'महाराजांच्या वेळचं' म्हटल्यावर ते नुसते हसले.

"महाराजांचा होन सोन्याचा, शिवराई तांब्याची. तू चांदी म्हणालीस तेव्हाच माझा कान टवकारला. पण आधी मी सांगणार नाही. आधी तू वाचायला शीक."

मला वाटलं, झालं! आता अलिफ, बे पासून क्लास सुरू. पण काकांचा फंडा वेगळाच होता. ते म्हणाले, मोगली रुपया वाचायला फारसी यायलाच पाहिजे असं नाही. नाण्यांवर ठरावीकच शब्द फिरून फिरून येतात, आणि त्यातले निम्मे तुला मराठी म्हणून येतातच.

खरंच येतात की! 'बादशाह' आपल्याला माहीत आहे. 'सन' आपण रोज लिहितो. 'सिक्का' म्हणजे आपला शिक्का. 'जर्ब' म्हणजे मारलेला घाव. आपण 'जरब बसवणं' म्हणतो ना, तीच ही जरब. नाण्यावर 'जर्ब'च्या पुढे गावाचं नाव येतं, म्हणजे त्या गावी ठसा मारला. राहिला 'जुलूस'. इथे हिंदी सिनेमातली मिरवणूक डोक्यातून काढून टाकायची. जुलूस म्हणजे गादीवर बसणं. 'सन ७ जुलूस' म्हणजे बादशहाच्या कारकिर्दीचं सातवं वर्ष. त्यापुढे 'मैमनत मानूस' असे दोन शब्द येतात, ते शुभ-लाभ टाइप. भरभराटीचं राज्य, एवढाच अर्थ.

गंमत म्हणजे ओळींचा क्रम. अक्षरं उजवीकडून डावीकडे, हे आपल्याला ऐकून माहीत असतं. पण नाण्यावरच्या ओळी बऱ्याचदा खालून वर वाचायच्या असतात. 'जर्ब सुरत' तळाला, 'सन जुलूस' त्याच्यावर, 'मैमनत मानूस' आणखी वर. मी पंधरा मिनिटं वरून खाली झगडत होते, म्हणून काहीच लागत नव्हतं. काकांची टिप अशी, की आधी 'जुलूस' शोधायचा. त्यातलं शेवटचं अक्षर पुष्कळदा आडवं लांबलचक ताणलेलं असतं, नाण्याच्या अंगावरून दोरी टाकल्यासारखं. ती दोरी सापडली की नाणं सरळ धरलंय की उलटं, ते कळतं. मी अर्थातच उलटं धरलं होतं.

आकडे मात्र आपल्यासारखेच डावीकडून उजवीकडे. एक म्हणजे उभी काठी. पाच म्हणजे पत्त्यातला बदाम उलटा. सात म्हणजे इंग्रजी 'व्ही', आठ म्हणजे तोच व्ही पालथा, नऊ बराचसा इंग्रजी नऊसारखा. दोन आणि तीनमध्ये मी अजूनही गडबडते. शून्य म्हणजे नुसता ठिपका, आणि इथेच वैताग, कारण नक्षी म्हणूनही नाणंभर ठिपके पेरलेले असतात! हे वर्ष हिजरी असतं. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर त्यातून तीन टक्के वजा करा आणि ६२२ मिळवा, इसवी सन येतो. हिजरी ११०० म्हणजे १६८९च्या आसपास, म्हणजे औरंगजेब दख्खनमध्ये ठाण मांडून बसला होता तेव्हाचं नाणं. एखाद्या वर्षाचा फरक पडतो, तेवढा चालतो.

मग काकांनी ट्रे पुढे केला. "ओळख!"

पहिलं नाणं चक्क चौकोनी. हे अकबराचं, त्याने चौकोनी रुपये पाडले होते. आणि त्यावर महिन्याचं नाव होतं. अकबराने 'इलाही' नावाचा स्वतःचा सौर संवत सुरू केला आणि फर्वरदीन, तीर, मेहर, बहमन हे इराणी महिने नाण्यांवर आणले. जहांगिरानेही ते पुढे चालवले. त्यामुळे नाण्यावर महिना सापडला की पहिला संशय या बापलेकांवर घ्यायचा. (याच अकबराच्या शेवटच्या वर्षांतल्या एका दुर्मीळ नाण्यावर राम-सीतेचं चित्र आणि देवनागरीत 'राम सिय' आहे. ते ट्रेमध्ये नव्हतं, हे काकांच्या चेहऱ्यावरून कळत होतं.)

दुसरं नाणं गोल, पण मध्ये रेघांची चौकट. चौकटीत कलमा, भोवती चार खलिफांची नावं. हा शाहजहान. तिसऱ्यावर चौकट नाही, कलमाही नाही. इथे काका खुशीत आले. औरंगजेब इतका कर्मठ, मग त्याच्याच नाण्यावर कलमा का नाही? तर याच कारणाने! नाणं कुणाच्याही हातात जाणार, पायदळी येणार, तिथे पवित्र शब्द नकोत म्हणून त्याने कलमा काढून टाकला. त्या जागी स्वतःच्या नावाची दोन ओळींची फारसी कविता टाकली. त्यात रुपयावर म्हटलंय, बादशहाने जगात पूर्ण चंद्रासारखं नाणं पाडलं. आणि सोन्याच्या मोहरेवर तीच ओळ, फक्त चंद्राच्या जागी सूर्य. चांदीला चंद्र, सोन्याला सूर्य! कॉपीरायटिंग म्हणतात ते हेच, बॉस. एका शब्दात प्रॉडक्ट बदललं.

शहरांची जुनी नावं

'जर्ब'नंतरचा शब्द वाचायला लागलं की अर्धा भारत वेगळ्याच नावांनी भेटतो. शाहजहानाबाद म्हणजे दिल्ली, अकबराबाद म्हणजे आग्रा, अजीमाबाद म्हणजे पाटणा. 'खुजिस्ता बुनियाद' हा पदार्थ वाटला ना? ते औरंगाबाद, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर. नावं बदलायची हौस काही आजची नाही.

आणि मुंबईकरांनो, तुमच्यासाठी खास. १७१७ साली ईस्ट इंडिया कंपनीने बादशहा फर्रुखसियरकडून मुंबईत बादशाही रुपये पाडायची परवानगी मिळवली. त्या रुपयांवर टांकसाळीचं नाव काय? बॉम्बे नाही. फारसी लिपीत 'मुंबई'! म्हणजे नकाशावर आणि पाट्यांवर अधिकृतपणे मुंबई यायला १९९५ उजाडलं, पण रुपयावर साहेबाने स्वतःच ते पावणेतीनशे वर्षं आधी उमटवून ठेवलं होतं. मी फोर्टमध्ये चार वर्षं नोकरी केली, मला हे कुणीही सांगितलं नव्हतं.

पण साहेब बादशहाच्या नावाने नाणी का पाडत होता? मला वाटलं भीतीने. काका म्हणाले, भीती कसली, बाजारासाठी! रुपया चालतो तो सराफाने घेतला तर. सराफाला बादशहाचं नाव ओळखीचं, वजन ठरलेलं, साडेअकरा ग्रॅमच्या जवळपास. नवीन नावाचा रुपया आणला की तो कापणार बट्टा. नाणं कितव्या वर्षाचं आहे यावरही बट्टा ठरायचा. चालू वर्षाचा रुपया पूर्ण किमतीचा, जुना झाला की थोडी कपात. आपण 'नावाला बट्टा लागला' म्हणतो, तोच हा बट्टा.

यावर कंपनीने जो तोडगा काढला तो ऐकून मी उडालेच. त्यांनी वर्षच गोठवलं! बंगालमध्ये बादशहा शाह आलमच्या कारकिर्दीचं १९वं वर्ष धरलं आणि पुढे अनेक वर्षं, शाह आलम १८०६ साली वारल्यावरसुद्धा, रुपयांवर १९च छापत राहिले. नाव मुर्शिदाबादचं, पाडली कलकत्त्यात, तीही यंत्रावर. इकडे मुंबईच्या टांकसाळीत तसंच सुरतेचं नाव आणि ४६ सन. १८३५ साली कंपनीने राजा चौथ्या विल्यमचा चेहरा असलेला एकच रुपया सगळीकडे सुरू केला, तेव्हा कुठे हा प्रकार थांबला. म्हणजे नाण्यावर नाव एकाचं, गाव दुसरं, वर्ष तिसरंच, आणि पाडणारा चौथा. नुसतं वाचता येऊन भागत नाही तर!

तेव्हा मला पहिल्यांदा आमच्या रुपयाबद्दल बरं वाटायला लागलं.

आता आमचा रुपया

काकांनी तो हातात घेतला. आधी काट्यावर. सव्वाअकरा ग्रॅमच्या आसपास. मग कडेवर बोट फिरवलं. "इथे कधीतरी कडी डाखलेली होती. कुणीतरी गळ्यात घातलाय." त्यांनी एक बारीक खड्डाही दाखवला, कुण्या सराफाने चांदी तपासायला मारलेला टोचा. दोनशे वर्षांपूर्वी कुणीतरी आमच्या रुपयावर संशय घेतला होता!

"वाच," म्हणाले.

मी दोरी शोधली. सापडली. जुलूस! दुसऱ्या बाजूला फिरवलं आणि खालून वर निघाले. अर्धा 'बादशाह', त्याच्याजवळ 'गाझी'चा तुकडा, आणि मग… शाह आलम. मला दरदरून घाम फुटला. वाचता आल्याचा आनंद एक सेकंद, आणि पुढच्या सेकंदाला आजीचा चेहरा. कुंकवात न्हालेला आमचा रुपया दिल्लीच्या बादशहाचा निघाला होता.

"आणि गाव?" मी विचारलं.

"गाव चकतीच्या बाहेर गेलं." हाही एक धडा. ठसा मोठा असायचा आणि चांदीची चकती लहान, त्यामुळे हातोडा पडला की अख्खा मजकूर कधीच उमटत नाही. कुणाला डोकं मिळतं, कुणाला पाय. म्हणून एकाच प्रकारची पाच-दहा नाणी शेजारी ठेवून पूर्ण वाक्य जुळवावं लागतं. काकांनी तसंच केलं. ड्रॉवरमधून आमच्याच रुपयाची चार भावंडं काढली. एकावर तळाची ओळ बऱ्यापैकी आली होती. त्यांनी भिंग माझ्याकडे दिलं आणि स्वतःच वाचून दाखवलं, 'मुहियाबाद पूना'.

पूना! औरंगजेबाने आपल्या नातवाच्या नावावरून पुण्याचं नाव मुहियाबाद केलं होतं. तो गेला, पण नाणं पाडताना पेशव्यांच्या पुण्यातही तेच नाव चालू राहिलं, आणि बादशहाचं नावही. कारण पुन्हा तेच, बाजार. नाशिककडच्या चांदवडला होळकरांच्या अमलात पडलेल्या चांदोरी रुपयावरही फारसीतच 'जाफराबाद उर्फ चांदोर' असतं. अठराव्या शतकात मराठी फौजा दिल्लीत बादशहाला गादीवर बसवत होत्या आणि पुण्याच्या रुपयावर त्याच बादशहाचं नाव उमटत होतं. शाळेत हे दोन धडे मला कुणी शेजारी ठेवून शिकवले नाहीत.

"मग हा मराठ्यांचा, हे कशावरून?" मी विचारलं. मला पुरावा हवा होता. आजीपुढे जायचं होतं.

काकांनी अक्षरांच्या मध्येच असलेली एक खूण दाखवली. उभा दांडा आणि वर बाजूला वळलेला आकडा. मला ती नक्षीच वाटली होती. "या खुणेसाठी याला अंकुशी रुपया म्हणतात. पुण्याचा. नाव बादशहाचं, पण खूण आपली."

पेशवाईतला की नंतरचा, ते मात्र लागलं नाही. १८१८ला पेशवाई बुडाल्यावरही इंग्रजांनी पुण्यात काही वर्षं अंकुशी रुपये पाडले, आणि आमच्या रुपयावरची तारीखही चकतीबाहेर गेलेली. आणखी एक वाईट बातमी: हे रुपये काही दुर्मीळ नाहीत. त्यातून आमचा घासून गुळगुळीत झालेला, कडीचा डाग असलेला. "श्रीमंत होणार नाहीस," काका म्हणाले. "आणि घरी सांग, रांगोळीने घासणं बंद. दंतमंजन, लिंबू, काही नको. चांदीबरोबर अक्षरंही जातात. नाण्याला कडेने धरायचं, बस."

जाता जाता कायद्याचे दोन शब्दही त्यांनी ऐकवले, तुम्हालाही उपयोगी पडतील. शंभर वर्षांहून जुनं नाणं १९७२च्या कायद्याने पुरावस्तू ठरतं, ते परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाही. म्हणजे अमेरिकेतल्या चुलतभावाला गिफ्ट म्हणून पाठवू नका! आणि शेतात, पाया खणताना वगैरे नाण्यांचा हंडा लागला तर १८७८च्या कायद्याप्रमाणे कलेक्टरला कळवावं लागतं. घरातली वडिलोपार्जित गोष्ट वेगळी. वाचायची हौस वाढली तर नाशिकजवळ अंजनेरीला नाणकशास्त्राची संशोधन संस्था आहे. मी अजून गेलेले नाही, पण यादीत आहे.

रविवार

रिक्षात बसल्यावर मी शंभरदा वाक्यं जुळवली. आजी ८४ वर्षांची. लग्न होऊन आल्यापासून त्या रुपयाची पूजा करतेय. खोटं बोलावं का? 'महाराजांच्या वेळचंच आहे' म्हटलं असतं तर वाळ्यांचा विषयच संपला असता, रुपया वाचला असता. खरं सांगितलं तर आत्या म्हणणार, घाल मोडीत! पण मी वाचून आले होते. आणि खरं सांगायचं तर मला ते वाचता आलं होतं, याची खुमखुमी पोटात मावत नव्हती.

सगळे टेबलाभोवती जमले. मी रुपया मधोमध ठेवला.

"आजी, यावर शाह आलमचं नाव आहे."

"कोण तो?"

"दिल्लीचा बादशहा."

आजीने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "म्हणजे मी साठ वर्षं बादशहाला कुंकू लावतेय?"

आत्या फस्सकन हसली. काका खिडकीबाहेर बघायला लागले. मी घाईघाईने फोन काढला, फोटो मोठा केला आणि ती खूण दाखवत म्हटलं, "पण आजी, हे पुण्यातच पाडलंय. ही खूण बघ, याला…"

"याला काय? अंकुश आहे तो. गणपतीच्या हातातला." तिने फोन बाजूला सारला आणि रुपयाच उचलला, काकांनी सांगितलं होतं तसा अगदी कडेने धरून, आणि उजेडाकडे केला. "इतकी वर्षं घासतेय, मला वाटायचं चरा पडलाय."

मग तिने रुपया पदराच्या टोकात गुंडाळला, उठून आत गेली आणि स्वतःची दुधाची चांदीची वाटी घेऊन आली. वाटी आत्यापुढे ठेवली. "वाळ्यांना ही घाल. रुपया राहू दे."

बारसं झालं, वाळे सुंदर झाले. यंदाच्या लक्ष्मीपूजनाला रुपया अंकुशाची बाजू वर करून चौरंगावर होता आणि बादशहा खाली, तांदळात. कुंकवाचं बोट बरोबर अंकुशावर. फक्त रांगोळीने घासायचं नाही, हे काही मी आजीला पटवू शकलेले नाही. "मग काय देवापुढे काळा ठेवू?" असं विचारते, आणि त्याच्यावर माझ्याकडे उत्तर नाही.